पडद्यावर कृष्णवर्णीय, गल्ल्यावर कोण?

२०१८ साली 'ब्लॅक पँथर' पाहताना आम्हीही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. कधीही गुलाम न झालेले आफ्रिकी राष्ट्र, काळा राजा, शास्त्रज्ञ असलेली काळी मुलगी, राजाचे रक्षण करणाऱ्या काळ्या स्त्रिया. शिवाय नावात पँथर! १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथर पार्टीपासून प्रेरणा घेऊन 'दलित पँथर' उभी केली, त्यांचा वारसा सांगणाऱ्या आम्हाला त्या शब्दाने भरून येणारच.

पण टाळ्या थांबल्यावर जो प्रश्न पडायला हवा होता, तो आम्हाला बराच उशिरा पडला. या सिनेमाने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. ती कुणाच्या तिजोरीत गेली? दिग्दर्शक रायन कूगलर कृष्णवर्णीय, बहुतेक कलाकारही कृष्णवर्णीय. मात्र पात्र मार्व्हलचे, आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नेच्या मालकीचे. १९६६ साली हे पात्र कागदावर उतरवले तेही स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्यांनी. कूगलर यांना मोबदला मिळाला, मिळायलाच हवा. पण वाकांडाची एक इंच जमीन त्यांची नाही.

कथेतही पाहा. ब्लॅक पँथर पार्टीचा जन्म ओकलंडचा. सिनेमात त्याच ओकलंडच्या वस्तीत वाढलेला, जगभरच्या काळ्यांच्या हाती शस्त्रे द्या म्हणणारा तरुण खलनायक ठरतो आणि सीआयएचा गोरा अधिकारी नायकाचा विश्वासू मित्र! हा निर्णय कुणाचाही असो, ज्या एफबीआयने खऱ्या पँथर्सच्या मागे हेर लावून संघटना पोखरली, तिचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे खटकल्याशिवाय राहत नाही.

म्हणून प्रतिनिधित्व फुकाचे, असे आम्ही म्हणत नाही. पडद्यावर स्वतःसारखा चेहरा पाहून ताठ झालेला कणा खोटा नसतो. आमचा आक्षेप तिथेच थांबणाऱ्यांना आहे. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. त्या रात्री त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. बक्षीस हातात, पंगत वेगळी. हा प्रकार काय असतो ते आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मालकीचा प्रश्न कूगलर यांच्या फार आधी एका माणसाने ओळखला होता. ऑस्कर मिशो. साउथ डाकोटात शेती करणारा, स्वतःच्या कादंबऱ्या स्वतः छापून दारोदार विकणारा माणूस. 'द होमस्टेडर' या त्यांच्या कादंबरीवर सिनेमा काढायची तयारी लिंकन मोशन पिक्चर कंपनीने दाखवली. ही कंपनीसुद्धा कृष्णवर्णीयांचीच. मिशो म्हणाले, दिग्दर्शन मी करणार. बोलणी फिसकटली. मग त्यांनी स्वतःची कंपनी काढली, शेअर विकून भांडवल उभे केले आणि १९१९ साली सिनेमा पडद्यावर आणला. पुढचा 'विदिन अवर गेट्स' जानेवारी १९२० मध्ये शिकागोत लागला. गोऱ्या जमावाने काळ्या कुटुंबाला फासावर लटकवल्याचे त्यातले दृश्य सेन्सॉरला झोंबले.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मुंबईत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, शाहू महाराजांच्या २५०० रुपयांच्या मदतीने. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. शिकागो आणि मुंबईतल्या या दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसावे, पण दोघांची अडचण एकच होती: आपले म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्यात छापून येत नाही.

मिशोंची गोष्ट गोड शेवटाची नाही. सिनेमे त्यांचे, पण थिएटरे बहुतेक गोऱ्यांची. रिळे घेऊन ते गावोगाव फिरत. १९२८ साली दिवाळे निघाले, पुढचे सिनेमे गोऱ्या भांडवलदारांच्या पैशावर काढावे लागले. चाळीसच्या वर सिनेमांपैकी बहुतेक आज हरवले आहेत. 'विदिन अवर गेट्स'ची प्रत सापडली ती स्पेनमध्ये. म्हणजे कॅमेरा आपला असून भागत नाही. थिएटर, वितरण, जुनी रिळे जपणारे गोदाम, सगळ्यांचा हिशेब मांडावा लागतो.

१९९२ साली स्पाइक ली यांच्या 'माल्कम एक्स'चे पैसे संपले, तेव्हा मायकल जॉर्डन, ओप्रा विन्फ्री, प्रिन्स अशांनी पैसे दिले. सिनेमा वाचला. पण ती देणगी होती, भागीदारी नव्हे. समाजाने वाचवलेला सिनेमा बाजारात गेला वॉर्नर ब्रदर्सचा म्हणूनच.

इथे आमचेच काही मित्र विचारतात, मालक काळा झाला की प्रश्न सुटतो का? नाही सुटत. १९८० साली सुरू झालेली बीईटी ही वाहिनी रॉबर्ट जॉन्सन यांनी पुढे सुमारे ३०० कोटी डॉलरला व्हायाकॉमला विकून टाकली. टायलर पेरी यांचा अटलांटातला ३३० एकरांचा स्टुडिओ अभिमानाने पाहावा असा आहे, पण २००८ साली त्यांच्याच कंपनीतल्या चार लेखकांना युनियनच्या करारासाठी भांडताना नोकरी गमवावी लागली होती. एका माणसाची मालकी ही समाजाची मालकी नव्हे. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले, ते उगाच नाही.

तरीही कूगलर यांचा २०२५ चा 'सिनर्स' आम्हाला महत्त्वाचा वाटतो. १९३२ च्या मिसिसिपीत दोन जुळे भाऊ गोऱ्याकडून रोख पैसे मोजून जुनी गिरणी विकत घेतात आणि आपल्या लोकांसाठी नाचगाण्याचा अड्डा उघडतात. ज्याने गिरणी विकली तोच सकाळी त्यांना मारायला येणार असतो. खरेदीखत हातात असून जीव सुरक्षित नाही, हे इतक्या स्पष्टपणे हॉलिवूडने क्वचितच दाखवले असेल. आणि याच सिनेमासाठी कूगलर यांनी वॉर्नरकडून लिहून घेतले की २५ वर्षांनी हक्क आपल्याकडे येतील. टॅरँटिनोसारख्या गोऱ्या दिग्दर्शकालाही असा करार मिळाला होता, पण स्टुडिओव्यवस्था बुडणार अशी ओरड झाली ती कूगलर यांच्या वेळी.

अर्थात चार सिनेमे गाजवल्यावर पाचव्याला त्यांना हे मागता आले. आमच्यातले जे तरुण आज शॉर्ट फिल्म करतात, वेब सिरीजसाठी लिहितात, त्यांच्यासमोर करार येतो तेव्हा मानधनाचा आकडा पहिल्या पानावर असतो आणि हक्कांचे कलम शेवटच्या. सही करण्याआधी ते पान आमच्याकडे घेऊन या. चळवळीत वकील मित्र आहेत, सोबत बसून वाचू.