ब्रेक कुणाच्या पायाखाली?

मैत्रिणींनो, आमच्या गटाच्या बैठकीत माझ्यावर एक आरोप झाला. संघटनेची जुनी जीप मी घराच्या अंगणात उघडून बसले आणि तीन दिवस कामाची वाट लावली, असा. "गॅरेजला पैसे टाकले असते तर झालं असतं. ब्रेक बसवणं ही काय स्त्रीमुक्ती आहे का?" असं आमच्यातल्याच एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं. त्यांनी मोर्चे काढले, तुरुंग पाहिला. त्यांना भर बैठकीत उलटून बोलणं मला जमलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. त्याही वाचतील.

आधी घडलं ते सांगते. कार्तिकातली संध्याकाळ होती. सासरी मारहाण होत असलेल्या एका मुलीला घेऊन आम्ही धारूरचा घाट उतरत होतो. जीपमध्ये आठ बायका आणि एक तान्हं लेकरू. तिसऱ्या वळणावर पायाखालचं पॅडल मऊ लागलं, चौथ्यावर ते थेट तळाला गेलं. जळक्या लायनरचा वास आला. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या खडीत चाक घालून गाडी कशीबशी उभी केली. कुणी ओरडलं नाही. त्या मुलीने फक्त विचारलं, "ताई, आता परत न्यायचं नाही ना मला?"

दुसऱ्या दिवशी गॅरेज. मिस्त्री माझ्याशी बोललाच नाही. माझ्याबरोबर आलेल्या सोळा वर्षांच्या भाच्याला म्हणाला, "दादा, ताईंना सांगा घाटात गाडी हळू घ्यायची. बायकांचा पाय हलका पडतो." गाडी मी चालवणार, बिल मी देणार, आणि उत्तर मिसरूड न फुटलेल्या पोराला! याआधी दोनदा याच मिस्त्रीने ब्रेकचं काम करून पैसे घेतले होते.

गंमत अशी की पायाचं त्याचं बोलणं अर्धं खरं होतं. ही जीप मुळात १९४० च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी घडवलेल्या विलीज जीपच्या वंशातली. चारही चाकांना ड्रम, आणि जोर वाढवून देणारा बूस्टर नाही. पॅडल दाबायचं ते जवानाच्या बुटातल्या पायाने, असाच हिशेब. म्हणजे यंत्र पुरुषाच्या पायाच्या मापाने केलं आणि दोष आला बाईच्या पायाला. हे आपल्याला नवीन नाही. कोयत्याची मूठ असो की बसचा वरचा दांडा, माप आपलं नसतंच.

मी गाडी परत आणली. आमच्या गावात आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेली एक मुलगी आहे. गॅरेजवाले तिला ठेवत नाहीत, म्हणून ती मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिला बोलावलं. अंगणवाडीची मदतनीस आली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका रोज संध्याकाळी येऊन बघतील असं ठरलं. चाकांखाली दगड लावले, जॅकने गाडी उचलून घोड्यांवर ठेवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नका, जीव जातो) आणि चाकं उतरवली.

मागच्या डाव्या चाकाकडे ब्रेकचं ऑइल नेणारी नळी कुणीतरी दुमडून, हातोडीने ठोकून बंद केलेली होती. त्या चाकाचा सिलिंडर गळत असणार. तो बदलायचा तर खर्च आणि खटपट, म्हणून चाकाचा ब्रेकच काढून टाकला, आणि आम्हाला सांगितलं नाही. आम्ही किती महिने तीन चाकांच्या ब्रेकवर बायका-लेकरं घेऊन हिंडत होतो, कुणास ठाऊक.

ती मदतनीस स्वतः ऊसतोडीला गेलेली. ती नळी बघून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, माझी पिशवी काढली तेव्हा पण असंच. काय काढलं, काय ठेवलं, सांगितलंच नाही कुणी."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातात ही गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. माणसाचं शरीर आणि जीप यांची तुलना कुणाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. पण ती मी केली नाही. जिच्यावर बेतलं तिने केली. "तुम्हाला त्यातलं काय कळतंय" या वाक्याआड काय काय उरकून घेतलं जातं, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता कामाचं लिहिते, कारण बैठकीत हे कुणी विचारलंच नाही.

ड्रमच्या आत दोन शू असतात, ते आतून बाहेर दाबले जातात. घाटात सारखा ब्रेक लागला की ड्रम तापतो. तापलेलं लोखंड फुगतं, म्हणजे ड्रम शूपासून लांब सरकतो आणि पॅडल खोल जातं. लायनरची पकडही तापल्यावर सुटते. आत कोंडलेल्या उष्णतेला वाट नसते. डिस्क उघड्यावर फिरते, तिला वारा लागतो. ती जितकी मोठी, तितकं उष्णता पोटात घेणारं लोखंड जास्त. शिवाय पॅड तिला मध्यापासून लांब पकडतो. जात्याचा खुंटा कडेला का असतो, मध्याशी का नसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच हा हिशेब. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकला पचवायची ऊर्जा चौपट होते, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावं.

मग आम्ही पुढच्या दोन चाकांना त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीच्या मोठ्या डिस्क आणि कॅलिपर बसवायचं ठरवलं. पुण्या-मुंबईकडची हौशी मुलं कॅलिपरला लाल रंग देऊन हेच करतात, शर्यतीसाठी. आयटीआयवालीने मला स्पष्ट विचारलं, "ताई, चारी चाकांचे ड्रम नीट केले तरी भागेल. मोठ्या डिस्कची हौस कशाला?" प्रश्न योग्य होता. आठ बायका भरून वर्षभर घाट चढायचे-उतरायचे नसते तर मी तिचं ऐकलं असतं. कायद्याचंही पाहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलं आहे. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतलं, मगच सुट्या भागांना पैसे दिले.

नुसती डिस्क बसवून काम होत नाही. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, जुन्या मास्टर सिलिंडरला ते पुरत नाही. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर आणि त्याच्यामागे बूस्टर. बूस्टर निर्वातावर चालतो आणि डिझेल इंजिन तो पुरेसा स्वतः देत नाही, म्हणून अल्टरनेटरमागे बसणारा वेगळा पंप. ड्रमच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारी एक झडप असते; ती डिस्कच्या नळीत राहिली तर पॅड सुटतच नाहीत आणि चाक तापत राहतं. ती काढली. जुनी रिम कॅलिपरला घासली, तिथे एक दिवस गेला. कॅलिपर धरणारा कंस बीडला लेथवर करून घ्यायला गेले तर तिथे प्रश्न, "साहेब कुठंयत?" मी म्हटलं, साहेब नाहीत, माप आहे. मागचे ड्रम ठेवले, पण नवे सिलिंडर, नवे शू आणि ती ठोकलेली नळी पूर्ण बदलून. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली तर गाडी गिरकी घेते, तेव्हा पुढचा-मागचा मेळ काकांनी स्वतः तपासला. जुनी धूळ फुंकून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची.

जुनं ऑइल काढलं तर काळ्या चहासारखं. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी मुरलेल्याचं तेच १४० वर येतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. एवढीशी गोष्ट, पण इतकी वर्षं गाडी चालवूनही मला ती कुणी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

नळीतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मदतनीस पॅडलवर, मुलगी चाकापाशी पाना घेऊन. "दाब. धर. सोड." अर्धी गल्ली कुंपणाशी उभी. एक आजी म्हणाल्या, "बाळंतपण करायलेत जणू." काकांनी शेवटी एक नट पुन्हा आवळायला लावला. आधी मोकळ्या माळावर, मग सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावत पॅड बसू दिले, आणि मग घाट.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ही जर्मन बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्झहाइमला माहेरी गेली, शंभरेक किलोमीटर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या चर्मकाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात तिथून सांगतात. मोटारीचं पेटंट अर्थात नवऱ्याच्या नावावर. तेव्हा ब्रेक हा पुरुषांचा प्रांत आहे हे आपल्याला कुणी सांगू नये.

आता सहकारी बाईंच्या प्रश्नाकडे येते. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरमधून ट्रॅक्टर निघतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत अंथरुणं, भांडी, शेळ्या, लेकरं, गरोदर बायका. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. त्याच ट्रॉल्या पुढे दहा-दहा टन ऊस ओढतात. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही डाव्या-उजव्या चाकाला वेगळी पॅडलं. रस्त्यावर ती दोन्ही खिट्टीने जोडायची असतात, नाही जोडली तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. आणि ट्रॉलीला? अंगणातल्या कामानंतर मला सवयच लागली आहे, उभी ट्रॉली दिसली की वाकून चाकामागे बघायची. आमच्या भागात मी पाहिल्या त्यांतल्या बहुतेकींना स्वतःचा ब्रेकच नव्हता. उतारावर वीस टन मागून ढकलतात आणि अडवायला पुढे दोन चाकं. टायरगाडीचंही तेच, तिथे बैलाची मान हाच ब्रेक.

माझ्या जीपच्या चार चाकांसाठी कलम ५२ वाचावं लागलं. या ट्रॉल्या त्याच कायद्याच्या डोळ्यांदेखत नाक्यांवरून जातात.

तोडणीच्या दराच्या वाटाघाटी होतात. टनाला किती, मुकादमाचं कमिशन किती, यावर संप होतात, आणि व्हायलाच हवेत. पण नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरणाऱ्या त्या करारात, त्या कोयत्याला ज्या गाडीत बसवून नेणार तिला ब्रेक असावा, ही मागणी मी आमच्याही पत्रकात कधी लिहिली नाही. का? कारण ते "गाडीचं" होतं, म्हणजे पुरुषांचं. आपण आरोग्याचं मागितलं, शाळेचं मागितलं, पाळणाघराचं मागितलं. लोखंडाला हात लावला नाही. सक्षमीकरण म्हटलं की अजूनही शिलाई मशीन, पापड, शेवया. ट्रॉली उलटली की आपण दवाखान्यात धावतो, भरपाईचे अर्ज लिहितो. माणूस गेलं तरी उचल घरावर राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ब्रेक नव्हता हे त्या अर्जात लिहायला तो कुठे असतो हे माहीत तरी हवं ना?

म्हणून ते तीन दिवस वाया गेले असं मी मानत नाही. बाई, तुम्ही रागावलात तरी चालेल.

या हंगामात मदतनीसबाईंची सून तोडीला निघाली. सासूने शिकवल्याप्रमाणे तिने ड्रायव्हरला विचारलं, "ट्रालीला बिरेक हाय का?" सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, "तू बस गुमान." ती बसली. उचल आधीच घेतलेली होती. पण मुकादमाने मात्र विचारलं म्हणे, हिला हे कोणी सांगितलं.

पुढच्या शिबिरात एक दुपार आम्ही जीप उघडून ठेवणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी जुनी साडी नेसून या. आणि तुमच्या भागातल्या ट्रॉल्यांना ब्रेक आहेत का, ते चाकामागे वाकून बघा आणि गावाच्या नावासह आम्हाला कळवा. पुढच्या दरवाटाघाटींच्या आधी ही यादी हातात हवी आहे.