वाहक जोडपी आणि कायद्याची कोरडी मुभा

साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञान, म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू शरीराबाहेर हाताळून गर्भधारणा घडवून आणण्याचे उपचार, हा विषय सहसा वंध्यत्वाच्या संदर्भात चर्चिला जातो. परंतु सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात त्याचा विचार निराळ्या अंगाने करावा लागतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी असूनही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी निपजण्याची शक्यता 25 टक्के आणि वाहक निपजण्याची 50 टक्के असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणाच्या पेशी तपासून आजारमुक्त भ्रूणच गर्भाशयात सोडता येतो, हे सिकलसेलच्या बाबतीत न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिले.

जानेवारी 2022 पासून अमलात असलेल्या, साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्याने या चाचणीला आनुवंशिक आजारांपुरतीच मुभा दिली आणि लिंगनिवडीस मनाई केली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्येच देशातील पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ही मर्यादा नवी नाही. मात्र वाहक भ्रूण आजारी नसतो, मग तो नाकारावा काय, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत सापडत नाही. आणि तसा तो सरसकट नाकारला जाऊ लागला, तर जिल्ह्यातल्या धडधाकट वाहक स्त्री-पुरुषांवरच व्यंगाचा शिक्का बसेल. आजारी भ्रूण नाकारणे हा सिकलसेलग्रस्तांचा अवमान आहे, असाही आक्षेप घेता येतो, कारण दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने त्यांना दिव्यांग म्हणून हक्क दिले आहेत. हा आक्षेप गंभीर असला तरी निर्णायक नाही: एका मुलाच्या वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्यासाठीच्या खेपा पाहिलेल्या आईने दुसऱ्यासाठी वेगळा मार्ग शोधला, तर त्यात पहिल्याचा अव्हेर नसतो.

खरी उणीव अन्यत्र आहे. 2021 चा कायदा उपचार केंद्रांची नोंदणी, संमती व शिक्षा यांची तजवीज करतो, पण उपचार कोणाच्या आवाक्यात यावा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेले सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान तपासणी, समुपदेशन आणि औषधोपचार यांवर उभे आहे, आणि त्यातून तरुणांना मिळणारा सल्ला मुख्यतः वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा, हाच असतो. हा सल्ला लग्नाआधी उपयोगी खरा, परंतु लग्न झालेल्यांना तो निरर्थक आहे, आणि स्थळे पाहण्याच्या रीतीत त्याची झळ मुलीलाच अधिक बसते, हे सांगायला नको. परिणामी लाखांत खर्च करू शकणारे जोडपे भ्रूण निवडते, तर सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील मजूर जोडप्यापुढे गर्भ राहिल्यावर तपासणी करून गर्भपाताचा निर्णय घेणे किंवा नशिबावर हवाला ठेवणे, एवढेच उरते. दोघेही वाहक असलेली जोडपी तपासणीतून शासनासमोर येतच असल्याने, तेवढ्यांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उचलणे आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय उभारणे, हा तिजोरीला न पेलणारा भार ठरू नये.