पिशवी घेतलीस का?

दोस्तांनो, आई म्हणते, "जा, पटकन कोथिंबीर घेऊन ये!" आणि तुम्ही धूम ठोकता, हात हलवत! मग भाजीवाल्या मावशी कोथिंबीर देतात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरी आलं की पिशवी कचऱ्यात. तिचं काम पाच मिनिटांत संपलं. पण ती काही कुजत नाही. वाऱ्यावर उडते, गटारात जाऊन अडकते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शेकडो माणसं दगावली. एवढा पाऊस नाल्यांना झेपणारा नव्हताच, हे खरं. पण त्यांत प्लॅस्टिकही तुंबलेलं होतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर बंदी आली. तरी त्या दिसतातच ना? कारण मागणारे आपणच!

मग करायचं काय? आजीच्या जुन्या साडीची, बाबांच्या विटक्या पँटची पिशवी शिवून घ्या. दाराजवळच्या खुंटीला टांगा, म्हणजे चपला घालताना आठवेल. एक शेजारच्या काकूंनाही द्या. आणि मावशींनी प्लॅस्टिक पुढे केलं, तर हसून सांगा, "मावशी, पिशवी आणलीय!"