उंबऱ्याच्या आतले, उंबऱ्याबाहेर

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचे डोहाळजेवण झाले. डोंबिवलीचे दोन खोल्यांचे घर आणि तीसेक बायका. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, वाट्यांखाली झाकलेला पेढा आणि बर्फी, सगळे कसे हौसेने केले होते. भाचीच्या दोन्ही नणंदा अमेरिकेत. "त्यांना तिथे बसल्या बसल्या पाहता येईल," म्हणून तिच्या दिराने आपल्या फोनवरून फेसबुकवर लाइव्ह सुरू केले. ओटीची ताटे जवळून दाखवायची म्हणून फोन माझ्या हातात दिला. मीही मोठ्या उत्साहाने फिरून सगळे दाखवले.

पाने वाढायची वेळ झाली तेव्हा मी फोन आतल्या खोलीत पलंगावर पालथा ठेवला. पडदा दिसेनासा झाला म्हणजे बंद झाला, असा माझा समज! फोनच्या पाठीवरच्या कॅमेऱ्याला वरचा पंखा तेवढा दिसत होता. आवाज मात्र सगळा जात होता. थोड्या वेळाने भाची दागिने उतरवायला आत आली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनात साठवलेले काही काही ती माझ्याशी बोलली. मावशीशीच बोलावे असे ते बोलणे होते. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. एकदा बाहेर गेले तेवढे पुरे झाले.

चौथ्या दिवशी तिला लांबच्या एका नातेवाईक बाईंचा फोन आला. बाई प्रेमानेच बोलल्या, धीर दिला. पण ज्या गोष्टीबद्दल धीर दिला, ती गोष्ट त्यांना कळली कशी? मग सारा उलगडा झाला. चित्रफीत दिराच्या पानावर चार दिवस तशीच पडून होती. घाईघाईने काढून टाकली खरी, पण एका हौशी आत्याबाईंनी आठवण म्हणून ती आपल्या फोनमध्ये आधीच उतरवून घेतली होती आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलीही होती. शेवटपर्यंत ऐकले कोणी नि नाही कोणी, आता कसे सांगणार?

भाची मला एवढेच म्हणाली, "मावशी, ते मी फक्त तुला सांगितलं होतं गं."

यात चोर नव्हता, लबाड माणूस नव्हता. सगळी आपलीच माणसे आणि सगळ्यांचा हेतू चांगला. म्हणून तर हा विषय आज घेतला आहे. सायबर चोरांबद्दल आपण पुष्कळ वाचतो, पण आपल्या हौसेने घरातल्याच माणसाला लागलेल्या ठेचेबद्दल कोणी बोलत नाही. फेसबुकने २०१६ साली लाइव्हची सोय सगळ्यांना खुली केली आणि तेव्हापासून साखरपुडा, मुंज, सत्यनारायण, बारसे, सगळे पडद्यावर जाऊ लागले. सोय मोठी आहे, नाही कोण म्हणते? पण ती वापरताना आपले तीन गैरसमज असतात. ते आधी दूर करू या.

पहिला समज असा, की लाइव्ह संपले म्हणजे संपले. जुन्या दूरदर्शनवरचा कार्यक्रम हुकला की हुकला, ती सवय आपल्या डोक्यात अजून आहे. इथे तसे नाही. फेसबुकवर लाइव्ह संपल्यावर त्याची चित्रफीत मागे राहते. पूर्वी ती आपण काढून टाकेपर्यंत राहत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलला आणि नव्या लाइव्हची चित्रफीत ३० दिवसांनी काढून टाकली जाते. पण ३० दिवस काय थोडे झाले? यूट्यूबवर तर बारा तासांच्या आतले प्रक्षेपण आपोआप साठवले जाते आणि आपण काढेपर्यंत राहते.

दुसरा समज, "आपलीच माणसं बघताहेत." भाचीच्या दिराने गणपतीत सोसायटीची आरती दाखवताना 'सर्वांसाठी' ही निवड केली होती. डोहाळजेवणाच्या दिवशी ती बदलायची राहून गेली. म्हणजे आमच्या झोपाळ्याचे दार साऱ्या जगाला उघडे! यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणून एक निवड असते. ती शोधून सापडत नाही, म्हणून पुष्कळ जणींना ती खाजगी वाटते. पण ज्याच्या हाती दुवा पडेल तो पाहू शकतो, आणि दुवा पुढे पाठवायला कितीसा वेळ लागतो? खरी खाजगी निवड 'प्रायव्हेट' ही. तिच्यात आपण ज्यांना बोलावू तेवढेच पाहतात.

तिसरा समज, "कोणी उतरवून घेतलं तर कळेलच की!" नाही कळत. पडद्यावर चालले आहे ते जसेच्या तसे उतरवून घेण्याची सोय आयफोनमध्ये २०१७ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२० पासून फोनबरोबरच येते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फेसबुक किंवा यूट्यूबचे लाइव्ह असे कोणी उतरवले तर आपल्याला निरोप येत नाही. म्हणून आपण आपली प्रत पुसली तरी दुसऱ्याच्या फोनमधली प्रत पुसली जात नाही. हे एवढे पक्के ध्यानात ठेवले, तर पुढच्या सूचना वेगळ्या सांगाव्याच लागणार नाहीत. तरी सांगते.

१. आधी स्वतःला विचारा, लाइव्ह हवेच कशाला? दहा-वीस जवळची माणसे असतील तर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल पुरतो. त्यात ३२ जण बसतात. तोही कोणी उतरवू शकतोच, पण समोर कोण आहे हे निदान दिसते. किंवा साधे चित्रण करा, रात्री निवांत पाहा आणि दाखवण्याजोगा भाग तेवढा पाठवा. घाई नाही, पश्चात्तापही नाही.

२. जिचा समारंभ आहे तिला विचारा. सासूबाईंना नव्हे, दिराला नव्हे, तिला. आणि चारचौघांत विचारू नका. तिथे ती 'हो'च म्हणेल. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात, हळूच विचारा. ती 'नको' म्हणाली तर कारण मागू नका.

३. सुरू करण्याआधी मोठ्याने सांगा, "आता लाइव्ह सुरू होतंय हं!" ज्यांना दिसायचे नसेल त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या पाठीमागे दोन खुर्च्या ठेवा. बाहेरच्या मुलांच्या आईला आधी विचारा. मोलकरणीला, स्वयंपाकाच्या बाईंनाही विचारा. आपण त्यांना गृहीत धरतो, ते बरे नव्हे.

४. फोन एकीच्याच हाती द्या. चालू तिने करायचे, बंद तिनेच करायचे. बंद झाल्याची खात्री दुसऱ्या फोनवर पाहून करायची. फोन पालथा घातला, पिशवीत टाकला, म्हणजे बंद झाला असे नव्हे. हा धडा मी फार महागात शिकले.

५. पाठीमागची भिंत बघा. दारावरची पाटी, गॅसचे पुस्तक, डॉक्टरांची फाइल, मुलांचे शाळेचे ओळखपत्र हे सगळे दिसते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, तसेच 'ता. १२ ते १८ गावी' असेही लिहून ठेवतो. तेही वाचता येते! आणि सहलीला गेल्यावर तिथूनच लाइव्ह करण्यापेक्षा घरी परतल्यावर फोटो टाका. घराला कुलूप आहे हे कशाला सांगायचे?

६. प्रक्षेपण झाल्यावर त्याच रात्री चित्रफीत पूर्ण पाहा, शेवटपर्यंत. नको असेल तर लगेच काढा.

आता दुपारच्या साड्यांच्या लाइव्हविषयी. घरबसल्या साड्या विकणाऱ्या कित्येक भगिनी या सोयीवर संसाराला हातभार लावत आहेत, त्याचे कौतुकच आहे. पण घेणाऱ्या बायका खाली सरळ लिहितात, "मोरपंखी मला ठेवा," आणि पुढे आपला फोन नंबर, कधी कधी पत्तासुद्धा! तो नंबर पाहणाऱ्या सगळ्यांना दिसतो आणि मागे राहिलेल्या चित्रफितीखालीही तसाच राहतो. मग कोणी भामटा त्याच दुकानाचे नाव सांगून फोन करतो, "ताई, तुमचं पार्सल निघालंय, एवढे पैसे भरा." साडीचा रंगही त्याला ठाऊक असतो, मग आपला विश्वास का नाही बसणार? तेव्हा नंबर खाली लिहू नका, दुकानदारणीला वेगळा निरोप पाठवा. आणि विक्रेत्या भगिनींनो, तुम्हीही गिऱ्हाइकाचे नंबर मोठ्याने वाचून दाखवू नका.

घरात शाळकरी मुले असतील तर त्यांच्याशीही बोला. यूट्यूबने जुलै २०२५ पासून स्वतःच्या लाइव्हसाठी किमान वय १३ वरून १६ केले आहे. नियम काही का असेना, खोलीचे दार लावून मूल कोणाशी बोलते आहे हे आईला माहीत हवे. रागावून नव्हे, शेजारी बसून विचारा.

एवढे करूनही चूक झालीच तर? आधी मूळ चित्रफीत काढा. मग ज्यांनी उतरवून घेतली त्यांना स्वतः फोन करून, गोड शब्दांत पण स्पष्ट, पुसायला सांगा. ग्रुपवर ओरडून सांगू नका. ज्यांनी पाहिले नाही तेही पाहायला धावतील. कोणी मुद्दाम पसरवत असेल, धमकावत असेल, तर पुरावा म्हणून पडद्याचे फोटो ठेवा आणि पोलिसांकडे जा. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा. लाजू नका. खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले आहे. पण मला विचाराल तर घरातल्या घरात कोर्ट लागू नये. तिथे एकमेकींना विचारण्याची सवय लागावी.

फाल्गुनात भाचीचे बारसे झाले. या वेळी नियम तिनेच ठरवले. व्हॉट्सॲपवर मोजून आठ जण, फोन तिच्या धाकट्या बहिणीच्या हातात, आणि पाळण्याचे गाणे संपले की कॉल बंद. अमेरिकेतल्या नणंदांनी बाळ डोळे भरून पाहिले. नंतर भाची आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली आणि मला हाक मारली. मी फोन बाहेरच्या टेबलावर ठेवला, बंद केल्याची दोनदा खात्री केली आणि मग आत गेले.

हे सारे छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवले. तिने दोन वाक्ये काढायला लावली. मी ती काढली.