लाटेच्या आधी पोचणारा निरोप



नकाशाच्या पुस्तकात हिंदी महासागराचे पान काढा बरं! एक बोट सुमात्रा बेटावर ठेवा, दुसरे चेन्नईवर. मधे नुसतं निळं पाणी, हो ना?

२६ डिसेंबर २००४ ला, आपल्या घड्याळात सकाळचे साडेसहा वाजत असताना, सुमात्राजवळ समुद्राच्या तळाखाली प्रचंड भूकंप झाला. पाणी उसळले आणि त्सुनामी लाटा निघाल्या. खोल समुद्रात त्या विमानाच्या वेगाने धावतात. तरी चेन्नईला पोचायला त्यांना नऊ वाजले.

म्हणजे हाताशी दोन तासांहून जास्त वेळ होता! पण सांगणार कोण? हिंदी महासागरात इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. अनेक देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली.

प्रशांत महासागरात मात्र अशी व्यवस्था होती. १९६० साली चिलीत भूकंप झाला. त्याची लाट जवळजवळ एका दिवसाने जपानला पोचली आणि तिथेही माणसं दगावली. तेव्हा त्या महासागराकाठचे देश शहाणे झाले. १९६५ पासून ते एकत्र येऊन एकमेकांना निरोप देऊ लागले.

२००४ नंतर आपल्या बाजूचे देशही युनेस्कोच्या मदतीने एकत्र आले. काम कसं चालतं, माहीत आहे? भूकंपाचे हादरे जमिनीतून लाटेच्या कितीतरी पट वेगाने जातात. ते यंत्रांना काही मिनिटांत कळतात. समुद्राच्या तळावर दाब मोजणारी यंत्रं ठेवली आहेत. वरून लाट गेली की पाण्याचा भार बदलतो. तो निरोप वर तरंगणाऱ्या बोयाकडे, तिथून उपग्रहाकडे आणि मग केंद्राकडे! २०११ पासून भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांची केंद्रं शेजारी देशांनाही इशारे देतात. आपलं केंद्र आहे हैदराबादला. समुद्रापासून इतकं लांब, बरं का!

असं एकत्र का यायचं? समुद्राला कुंपण नसतं म्हणून. हादरा एका देशाजवळ बसतो आणि लाट दुसऱ्याच्या दारात जाते. माहिती कपाटात कुलूप लावून ठेवली, तर ती कुणाच्याच कामाची नाही.

शेवटचा टप्पा मात्र आपला. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोने 'त्सुनामीसाठी सज्ज' म्हणून मान्यता दिली. इशारा आला तर काय करायचं, कुठे जायचं, याची तयारी या गावांनी केली होती.

तुम्हीही एवढं पक्कं ध्यानात ठेवा : किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा खूप वेळ हादरली, किंवा पाणी एकाएकी खूप आत ओढलं गेलं, तर इशाऱ्याची वाट बघायची नाही. शिंपले वेचायला तर मुळीच थांबायचं नाही. उंच जागी पळायचं आणि इतरांनाही हाका मारायच्या!

आता एक काम. १९४५ साली मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा आपल्या मुंबईपर्यंत आल्या होत्या. हा मकरान किनारा नकाशात शोधा पाहू!