मीटरची भीती वाटते, मग गढूळ पाण्याची का वाटत नाही?

मार्गासनीकरांनो, आणि मार्गासनीपासून साखर, गुंजवण्यापर्यंतच्या सगळ्या गावकऱ्यांनो, जरा हिशेब मांडू या. पुणे शहराला पाणी पाजणारी पानशेत आणि वरसगाव ही धरणे आपल्या वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यात. धानेपजवळ गुंजवणीचे धरण, त्याच्या पाण्यावर वेल्हे, भोर आणि पुरंदर अशा तिघांचा डोळा. शेजारी भोरात भाटघर आणि नीरा-देवघर. भाटघरच्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटणपर्यंतचे ऊसमळे उभे राहिले. आणि मे महिना उजाडला की याच दोन तालुक्यांतल्या डोंगरातल्या वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

या अन्यायासाठी भांडायलाच हवे. पण धरणाच्या पाण्याचा निवाडा मुंबईत होतो आणि गावच्या नळाचा निवाडा ग्रामसभेत. त्या ग्रामसभेला आपण किती जण जातो? गेलो तर नळाबद्दल काय विचारतो? ‘पाणी का आलं नाही’ एवढेच. टाकीत किती पडले, घरांत किती पोहोचले, मधले कुठे गेले आणि जे आले ते पिण्याजोगे होते का, हे चार प्रश्न विचारणारा माणूस गावात विरळा. हे प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असूनही ही स्थिती आहे.

वरंधा घाट उतरला की महाड. त्या गावचा इतिहास आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केले. कागदावर. अस्पृश्य ठरवलेल्यांना तळ्याचे पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. नियम दप्तरात असतो. तो माणसांनी चालवावा लागतो.

आपल्या दप्तरात नियमांची कमी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम १२४ प्रमाणे पंचायतीला पाणीपट्टी बसवता येते. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरवले. योजना चालवायची जबाबदारी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची, आणि त्या समितीत निम्म्या बायका हव्यात. आपल्या गावात ही समिती आहे का? तिची बैठक शेवटची कधी झाली? बायकांच्या सह्या घरी पाठवून घेतल्या, की त्या बैठकीला बसल्या?

आता मीटरकडे येऊ. मीटर म्हटले की चावडीवर आवाज चढतो. ‘आमच्या डोंगरावर पडलेलं पाणी आणि आम्हालाच मोजून देणार?’ राग समजतो. पण पाऊस फुकट असला तरी विहिरीवरची मोटर फुकट चालत नाही, वाहिनी फुकट जोडली जात नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर फुकट येत नाही. वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि मग पाणी सगळ्यांचेच जाते. शिवाय आजची सरसकट पाणीपट्टी कुणाच्या सोयीची आहे ते पाहा. माणशी ५५ लिटर म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५. मिनिटाला दहा लिटर सोडणारा नळ तोटी नसल्याने अर्धा तास उघडा राहिला, तर या घराची दिवसाची गरज गटारात गेली. नळाला टिल्लू पंप लावून हौद भरणारा, अंगणात गाडी धुणारा आणि वरच्या आळीत दोन हंड्यांसाठी ताटकळणारी म्हातारी, तिघांची पट्टी सारखीच. याला समता म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी याला वरच्या आळीची लूट म्हणतो.

कराडशेजारच्या मलकापूरने पंधराएक वर्षांपूर्वीच घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावला. पाणी कधीही येते म्हटल्यावर माणूस साठवत नाही आणि शिळे म्हणून ओतूनही देत नाही. खुद्द पुणे महापालिकाही समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवते आहे. आपल्याकडे एक अडचण खरी आहे. दिवसाआड तासभर सुटणाऱ्या पाण्याआधी नळीतली हवा सुटते आणि त्या हवेनेही मीटर फिरतो. म्हणून वाहिनीवर एअर व्हॉल्व्ह मागा, गरजेपुरत्या पाण्याचा दर अगदी कमी ठेवायला लावा आणि पहिला मीटर टाकीच्या तोंडाशी बसवायला सांगा. टाकीतून सुटलेले पाणी आणि घरांच्या मीटरची बेरीज यांत जो फरक पडेल, ती गळती. तिथे आधी पंचायतीला जाब द्यावा लागेल, मग तुम्हाला. मीटरला घाबरायचेच तर ते चोराने आणि झोपलेल्या कारभाऱ्याने घाबरावे.

बचतीचे धडे आपल्याला नव्याने कुणी द्यायला नकोत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडबांधणीचा विचार पाण्यापासून सुरू होतो. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, साठवणीची टाकी बांधून ती जपावी, असा त्यातला सल्ला आहे. राजगड किल्ला रोज दिसणाऱ्या गावाने निदान तेवढे ऐकावे.

पण पाणी पुरेसे असून जीव घेणारे असेल तर? जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्यावरचे नांदेड, किरकटवाडी, धायरी. धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद गेली, काही जण व्हेंटिलेटरवर गेले. गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक रुग्ण पुणे परिसरात नोंदले गेले, काही दगावले. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्यावर गेली. हा भाग खडकवासल्याच्या पायथ्याशी आहे, आणि खडकवासल्यात आपलेच पानशेत-वरसगावचे पाणी उतरते. डोंगरातून निघालेले पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध असते, हा भ्रम त्या महिन्यात मोडायला हवा होता. मोडला का?

पाण्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. पिण्याच्या पाण्याचा निकष सांगतो की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. टोकाच्या घरातल्या नळालाही ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. ही शेवटची तपासणी ओटी टेस्टने पाच मिनिटांत होते: थेंब टाकला आणि पाणी पिवळे झाले नाही, तर बहुधा टाकीत टीसीएल पडलेलेच नाही, किंवा पिशवी उघडी राहून सर्द झाली आहे. आपल्याकडच्या पावसात ती सर्द व्हायला वेळ लागत नाही. आषाढातल्या गढूळ पाण्यात नुसते टीसीएल ओतूनही भागत नाही. आधी तुरटीने गाळ बसवावा लागतो. तपासणीसाठी प्रत्येक गावातल्या पाच महिलांना शिकवून हाती संच द्यावा, असे जल जीवन मिशन सांगते. स्रोताची जैविक तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. पाणवठ्याच्या पाहणीवरून पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या पंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे? बायांनो, तुम्ही हे विचारा. पोराला जुलाब लागले की रात्र तुमची जाते.

तेव्हा आता उठा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती आधी मागा. तिथूनच ठराव लिहून न्या: टाकीवर मीटर महिन्याभरात, घरांवर टप्प्याटप्प्याने, टिल्लू पंप बंद, मग तो सरपंचाच्या भावाचा असला तरी, तपासणीचा अहवाल दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर. पट्टी थकवली असेल तर आधी ती भरा, म्हणजे प्रश्न विचारताना मान खाली जाणार नाही. आणि ठराव नामंजूर झाला, तर कोणी केला आणि कोणत्या कारणाने, हे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभेतून हलू नका.