रस्ता कोणाचा, हे आधी विचारा

माझी पुतणी बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने आणि जावईबापूंनी तिथेच घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी दोन महिने त्यांच्याकडे होतो. घरांच्या व्यवहारांवर दर आठवड्याला लिहिणारा काका घरात असल्यावर कागद वाचायचं काम त्याच्याकडेच येणार.

पहिलं घर हातचं गेलं. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं, मागे लांबट बाग. मालकाने देऊ केलेली किंमत मान्य केली, घरात पेढे वाटून झाले, आणि तीन आठवड्यांनी निरोप आला की दुसऱ्या कुणीतरी जास्त रक्कम देऊ केली आहे. तोपर्यंत घराच्या तपासणीवर आणि वकिलावर तिचे हजारावर पौंड खर्च झाले होते. आपल्याकडे टोकन दिलं की निदान शब्दाला वजन येतं. इंग्लंडमध्ये दोन्ही वकिलांनी सह्या झालेल्या करारांची अदलाबदल करेपर्यंत कोणीच कोणाला बांधलेलं नसतं. साधारण दहा टक्के रक्कम त्या दिवशी जाते, आणि तिथपर्यंत पोहोचायला दोन-तीन महिने सहज लागतात. जास्त पैसे दिसले की मालकाने शब्द फिरवायचा, या प्रकाराला तिथे ‘गझम्पिंग’ असा खास शब्दच आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रव्यवहारातून करार बराच आधी पक्का होतो. ती पद्धत मला न्यायाची वाटते. इंग्लंडने ती केव्हाच उचलायला हवी होती.

पण आजचा विषय त्यानंतरचा आहे. पुतणीपुढे दोन घरं उरली. एक शहराच्या कडेला, नव्या वसाहतीतलं. दुसरं बोर्नव्हिलमधलं, जुनं.

बोर्नव्हिल म्हणजे कॅडबरीचं गाव. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये चॉकलेटचा कारखाना शहराच्या गर्दीतून इथल्या माळावर आणला. जॉर्ज कॅडबरी यांनी १८९३ मध्ये शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून विल्यम अलेक्झांडर हार्वी या तरुण आर्किटेक्टकडून घरं बांधून घ्यायला सुरुवात केली. ती केवळ कारखान्यातल्या कामगारांसाठी नव्हती. प्लॉटच्या पाव हिश्शाहून अधिक जागेवर घर उभं करायचं नाही, उरलेली जागा बागेला, आणि बागेच्या टोकाला फळझाडं, हा दंडक होता. कॅडबरी क्वेकर पंथाचे, दारूचे विरोधक. त्यामुळे वसाहतीत पब आला नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पहिली काही घरं त्यांनी ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, बांधकामाच्या खर्चातच विकली. घेणाऱ्यांपैकी काहींनी ती भरपूर नफा घेऊन पुढे विकून टाकली. सामान्य माणसाला परवडावीत म्हणून बांधलेली घरं सट्ट्यात जाताना दिसली, तेव्हा कॅडबरींनी १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि तीनशेवर घरं ‘बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट’च्या हवाली केली. ती सारी मालमत्ता त्यांनी स्वतःच्या हातून सोडली. घरबांधणीच्या इतिहासात असा दाता मला फारसा आढळलेला नाही.

हा ट्रस्ट आजही काम करतो. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यावरच्या घरमालकांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यातल्या तरतुदीमुळे अशा वसाहतींना बाह्यरूपाचे नियम राखता आले. म्हणून बोर्नव्हिलमध्ये घर आणि जमीन तुमची असली तरी खिडक्या बदलायच्या, पुढची बाग मोडून गाडीसाठी फरशी घालायची, तर आधी परवानगी काढावी लागते. वसाहतीच्या देखभालीचं वार्षिक शुल्कही आहे.

‘‘काका, एवढे पैसे मोजून घर आपलं, आणि खिडकीसाठी दुसऱ्याला विचारायचं?’’ पुतणी वैतागली होती.

मी तिला म्हटलं, ‘‘एकदा संध्याकाळी चालून ये तिथे.’’

आम्ही तिघंही गेलो. मैदानाच्या कडेला शाळेच्या मनोऱ्यातला घंटांचा साज आहे, १९०६ पासूनचा. ओळीतल्या प्रत्येक घरापुढे कापून नीट ठेवलेलं कुंपण, त्यामागे सफरचंदाचं झाड. कुंपणं छातीइतकीच, त्यामुळे आतला माणूस दिसतो आणि बोलतो. एका आजीबाईंनी आम्हाला थांबवून घर बघताय का विचारलं आणि कोणत्या बाजूला दुपारचं ऊन येतं तेही सांगितलं. सव्वाशे वर्षं कोणालाही आपल्या सोयीने पुढची बाग बुजवू दिली नाही, म्हणून तो रस्ता तसा उरला आहे. पुण्यातल्या प्रभात रोडचे बंगले एकेक करून पडताना पाहिलेल्या माणसाला हे फार आतून समजतं.

आता नव्या वसाहतीकडे येऊ. घर चकचकीत, स्वयंपाकघर तयार, जमीनही मालकीची. कागद चाळताना एक कलम दिसलं: वसाहतीतला रस्ता, दिवे, मोकळी हिरवळ आणि पावसाच्या पाण्याचा तलाव महापालिकेच्या ताब्यात जाणार नाही. त्यांची देखभाल एक कंपनी करणार, तिचं बिल घरमालकांनी भरायचं, आणि महापालिकेचा कौन्सिल टॅक्सही इतरांसारखाच पूर्ण द्यायचा. ही कंपनी नेमणार बिल्डर. रक्कम किती वाढेल याला कागदात मर्यादा नव्हती. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार ११ बड्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी ८० टक्के घरांवर असं शुल्क आहे. सरासरी वर्षाला ३५० पौंड. एखादी मोठी दुरुस्ती निघाली तर हजारोंत. २०२४ च्या कायद्यात या शुल्काला आव्हान द्यायचा हक्क लिहिला गेला आहे, पण कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात आणि तोवर रहिवासी बिलं भरतच राहतात.

शुल्क दोन्हीकडे आहे, नियमही दोन्हीकडे आहेत. बोर्नव्हिलमध्ये ते एका धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या हाती आहेत आणि त्यांतून जे राखलं जातं ते रोज डोळ्यांना दिसतं. दुसरीकडे सार्वजनिक असायला हवा तो रस्ताच खासगी बिलाचं साधन झाला आहे. महापालिकेने आपली जबाबदारी टाळली आणि बिल्डरला उत्पन्नाची सोय झाली. हा व्यवहार चुकीचा आहे, आणि परदेशात पहिलं घर घेणारी आपली मुलं घाईत त्यावर सही करतात याचं मला वाईट वाटतं.

पुतणीने बोर्नव्हिलचं घर घेतलं. खिडकीची परवानगी तिला सहा आठवड्यांनी मिळाली.

ज्यांची मुलं-सुना तिकडे घर बघत असतील त्यांनी वकिलाला पहिल्याच पत्रात तीन गोष्टी विचारायला सांगा: जमीन कोणाची, रस्ता कोणाचा, आणि देखभालीचं शुल्क कोण ठरवतं. आणि इथल्या वाचकांनो, आपला मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका-मालकीचा कायदा १९६३ चा आहे. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, तरतूद २००८ ची आहे. तरीही असंख्य सोसायट्यांच्या इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. तुमच्या सोसायटीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, हे येत्या वार्षिक सभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.